वेगाचा छंद आणि लहान मोटार

जयपूरच्या जुन्या तटबंदीतून बाहेर पडून अजमेरच्या दिशेने निघाले की थोड्याच वेळात सोडाला नावाची वस्ती लागते. दुकानांची दाटी, रिक्षा व मोटारसायकली यांची वर्दळ, आणि संध्याकाळच्या सुमारास एकमेकींना खेटून मुंगीच्या पावलांनी सरकणाऱ्या मोटारींची रांग, हे या भागाचे नित्याचे दृश्य होय. वेगाच्या छंदाला याहून प्रतिकूल जागा शोधूनही सापडणार नाही. परंतु मनुष्यस्वभावच असा आहे की, ज्या गोष्टीला मज्जाव असतो तिचीच ओढ त्याला अधिक लागते. नोकरीच्या निमित्ताने महाराष्ट्रातून येथे येऊन राहिलेल्या एखाद्या कुटुंबातील तरुणाची कल्पना करावी. पगार बेताचा, पण हौस मोठी. मोटारशर्यतींची दृश्ये पाहून त्याचे मन वेधले गेले आहे. आपणही एखादी लहानशी मोटार घ्यावी, ती शर्यतीजोगी करावी आणि एकदा तरी खऱ्याखुऱ्या शर्यतमार्गावर धावून पाहावे, असे त्याने मनाशी ठरविले आहे. त्याने कोणती मोटार घ्यावी?

हा प्रश्न वरवर दिसतो तितका साधा नाही. मित्रमंडळींपैकी एक जण त्याला सांगेल की, परवडेल त्यातली सर्वांत वेगवान मोटार घे. दुसरा सांगेल की, बाजारात मिळेल ती सर्वांत स्वस्त मोटार घे. दोन्ही सल्ले चांगल्या हेतूने दिलेले असतील आणि दोन्ही बहुधा चुकीचे ठरतील. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण जणू या छंदासाठीच निर्माण झाली असावी. मोटारीची खरेदी ही या खर्चाची केवळ नांदी असते; नाटक पुढेच असते. टायर झिजतात, ब्रेक जळतात, गिअरपेटी बिघडते, कधी मोटार कुंपणावर आदळते. म्हणून हौशी शर्यतपटूच्या दृष्टीने स्वस्त मोटार म्हणजे कमी किमतीला मिळणारी मोटार नव्हे. मोडल्यावर कमी खर्चात पुन्हा उभी करता येणारी मोटार होय. ही एक व्याख्या पक्की ध्यानात ठेवली की पुढील बरेचसे निर्णय आपोआप सोपे होतात.

परंतु मोटार कोणती, या प्रश्नाच्याही आधी एक प्रश्न येतो, आणि तो म्हणजे धावायचे कोठे? अजमेरचा महामार्ग पहाटे रिकामा असतो, हे त्याचे उत्तर असू शकत नाही. सार्वजनिक ठिकाणी राज्य शासनाच्या लेखी संमतीवाचून मोटारींची शर्यत लावणे किंवा तीत भाग घेणे हा मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८९ अन्वये गुन्हा आहे. २०१९ साली या कलमात दुरुस्ती होऊन पहिल्या अपराधासाठी तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद झाली. पण कायद्याचा धाक हे येथे मुख्य कारण नव्हे. २०२२ या एका वर्षात आपल्या देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, आणि त्यांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यूंचे कारण म्हणून शासकीय अहवालात अतिवेगाची नोंद झाली. शर्यतमार्गावरच्या वेगवान चालकासमोर अचानक बैलगाडी येत नाही, शाळेचे मूल धावत येत नाही, आणि वळणाच्या पलीकडे काही विपरीत घडले असेल तर निशाण दाखवून सावध करणारा माणूस तेथे उभा असतो. रस्त्यावर यांपैकी कशाचीच हमी नसते.

सुदैवाने भारतात धावण्याच्या जागा अगदीच नाहीत असे नाही. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टै येथे १९९० साली सुमारे पावणेचार किलोमीटर लांबीचा शर्यतमार्ग सुरू झाला. कोइमतूरजवळ २००३ साली कारी मोटर स्पीडवे हा दोन किलोमीटरांहून किंचित मोठा मार्ग तयार झाला. दिल्लीच्या पलीकडे ग्रेटर नोएडा येथे २०११ साली बुद्ध आंतरराष्ट्रीय शर्यतमार्ग बांधला गेला व तेथे त्या वर्षापासून २०१३ पर्यंत लागोपाठ तीन वर्षे फॉर्म्युला वनची शर्यत झाली. जयपूरच्या तरुणाला यांतला शेवटचा मार्ग सुमारे तीनशे किलोमीटरांवर, तर चेन्नईचा दोन हजार किलोमीटरांहूनही दूर. नोंदणी नसलेली शर्यतीची मोटार रस्त्याने चालवत नेता येत नाही, ती दुसऱ्या वाहनावर लादून न्यावी लागते, हे लक्षात घेतले म्हणजे या अंतराचा अर्थ कळतो. कित्येकदा मोटारीपेक्षा तिची वाहतूक महाग पडते.

पक्क्या मार्गावरील शर्यतींखेरीज आणखी दोन प्रकार हौशी माणसाच्या आवाक्यातले आहेत. एक म्हणजे ऑटोक्रॉस. मातीच्या मोकळ्या मैदानावर वळणावळणांचा मार्ग आखतात, प्रत्येक मोटारीने तो एकट्याने धावून पुरा करायचा आणि लागलेला वेळ मोजायचा, असे त्याचे स्वरूप असते. दुसरा प्रकार रॅलीचा. यातही मोटारी एकामागून एक सोडतात व बंद केलेल्या रस्त्याच्या ठरावीक टप्प्यांवर त्यांचा वेळ घेतात. नाशिकच्या परिसरातील माळरानांनी राष्ट्रीय मालिकेतील अशा रॅली पाहिल्या आहेत. मातीवर धावायचे असेल तर मोटार उंच व पायाने दणकट हवी. डांबरी मार्गावर धावायचे असेल तर ती बुटकी व ताठ हवी. एकच मोटार दोन्हीकडे चालवू पाहणारा दोन्हीकडे मागे पडतो.

म्हणून शहाण्या माणसाने आधी नियमपुस्तक विकत घ्यावे आणि मग मोटार. देशातील मोटार-क्रीडेचे नियमन करणारी संघटना १९७१ साली स्थापन झाली. फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया हे तिचे नाव. तिच्या मान्यतेने होणाऱ्या स्पर्धांत भाग घ्यायला चालकाला परवाना लागतो आणि मोटारीला वर्ग लागतो. वर्ग बहुधा इंजिनाच्या आकारमानावर आणि त्यात किती फेरफार केला आहे यावर ठरतात. एखाद्याने उत्साहाच्या भरात इंजिन थोडे मोठे करून घेतले, तर तो वरच्या वर्गात ढकलला जातो आणि तेथे त्याच्याहून दुप्पट ताकदीच्या मोटारींशी त्याची गाठ पडते. मोटार घरी आणून, पैसे ओतून, नंतर नियम वाचणे म्हणजे वरातीमागून घोडे.

लहान मोटारींनी शर्यत खेळण्याची कल्पना काही आजची नाही. इंग्लंडमध्ये १९२२ साली ऑस्टिन सेव्हन नावाची सामान्य कुटुंबासाठी केलेली मोटार बाजारात आली. तिचे इंजिन साडेसातशे घनसेंटीमीटरांच्या आतबाहेर. ती इतकी साधी व इतकी विपुल होती की, जुन्या झालेल्या ऑस्टिन सेव्हन मोटारी घेऊन त्यांवर शर्यतीचे सांगाडे चढविणाऱ्या हौशी लोकांचा एक संघच १९३९ साली उभा राहिला. पुढे लोटस या जगप्रसिद्ध शर्यतमोटारींचा निर्माता झालेल्या कॉलिन चॅपमन याने आपली पहिली मोटार अशाच एका जुन्या ऑस्टिन सेव्हनमधून घडविली होती. १९५९ साली आलेल्या मिनी या इवल्याशा मोटारीने तर १९६४, १९६५ व १९६७ या तीन वर्षी माँटे कार्लोची कठीण रॅली जिंकून मोठमोठ्या मोटारींना मान खाली घालायला लावली.

आपल्याकडेही हाच क्रम दिसतो. मद्रासच्या उत्तरेस शोलावरम् येथे महायुद्धाच्या काळातली एक ओसाड धावपट्टी होती. १९५३ साली स्थापन झालेल्या मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने तेथे शर्यती भरविल्या आणि अनेक वर्षे देशभरातील हौशी मंडळी तेथे जमत राहिली. संस्थानिकांच्या परदेशी मोटारी तेथे असत हे खरे. परंतु खऱ्या गर्दीचा जीव होता तो फियाट आणि स्टँडर्ड हेरल्ड या दोन घरगुती मोटारींत. हेरल्ड मद्रासलाच तयार होई, आणि फियाट तयार होई मुंबईत, वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात. आठवडाभर जी मोटार कचेरीत जाई, तीच रविवारी आसने काढून शर्यतीत उतरे. हीच फियाट पुढे पद्मिनी या नावाने मुंबईकरांची टॅक्सी झाली आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून निवृत्त झाली.

यानंतर आली मारुती. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली. तीन सिलिंडरांचे ७९६ घनसेंटीमीटरांचे इंजिन, अश्वशक्ती अवघी ३७, वजन सुमारे साडेसहाशे किलो. ही मोटार शर्यतीत काय करणार, असे कोणालाही वाटावे. पण कोइमतूरचे एस. करिवर्धन यांनी तिच्याच इंजिनावर एका आसनाची, उघड्या चाकांची शर्यतमोटार बेतली आणि फॉर्म्युला मारुती नावाचा स्वस्त वर्ग देशात रूढ झाला. कोइमतूरचा शर्यतमार्ग त्यांच्याच नावाने ओळखला जातो. २००५ साली फॉर्म्युला वनमध्ये उतरणारा पहिला भारतीय नारायण कार्तिकेयन याने आरंभीच्या शर्यती या फॉर्म्युला मारुतीत केल्या होत्या. भाजी आणायला जाणाऱ्या मोटारीचे इंजिन माणसाला कोठवर नेऊ शकते, याचे याहून चांगले उदाहरण नाही.

या लहान मोटारींचे रहस्य काय? ते वजनात आहे. पश्चिम महाराष्ट्रात बैलांच्या शर्यती होतात, त्या शेतमाल वाहणाऱ्या जड बैलगाडीने कोणी खेळत नाही. त्यासाठी हलकी छकडी वेगळी केलेली असते. बैल तेच, पण ओझे कमी. मोटारीचेही तसेच. नुसती अश्वशक्ती पाहून काही कळत नाही. ती किती वजनाला ओढते हे पाहावे लागते. पद्मिनीची ४० अश्वशक्ती सुमारे नऊशे किलो ओढी. म्हणजे दर टनामागे सुमारे ४५. मारुती ८०० ची ३७ अश्वशक्ती साडेसहाशे किलोला. म्हणजे टनामागे ५७. १९९३ साली आलेल्या झेनची ५० अश्वशक्ती साडेसातशे किलोच्या आसपास. म्हणजे टनामागे सुमारे ६७. आणि १९९४ साली आलेल्या एस्टीमच्या नंतरच्या सोळा झडपांच्या इंजिनाची ८५ अश्वशक्ती पावणेनऊशे किलोच्या जवळपास. म्हणजे टनामागे ९५ च्या वर. कागदावरची ही साधी भागाकाराची रीत विक्रेत्याच्या दहा वाक्यांपेक्षा अधिक खरे सांगते.

शिवाय हलकेपणाचा लाभ एकदा नव्हे, तीनदा होतो. मोटार वेग घेताना, ती थांबविताना आणि ती वळविताना. वाढविलेली अश्वशक्ती फक्त पहिल्या कामाला येते. कमी केलेले वजन तिन्ही कामांना येते, आणि त्यासाठी पैसेही पडत नाहीत. मागची आसने, गालिचे, छताचे अस्तर, वातानुकूलन यंत्र, नादवर्धक पेट्या हे सारे काढून टाकायला एक पाना आणि एक रविवार पुरतो.

थांबविण्याच्या कामाचे महत्त्व नवख्याच्या लवकर लक्षात येत नाही. वेग दुप्पट झाला की गतीतील ऊर्जा चौपट होते, हा पदार्थविज्ञानाचा नियम आहे. चालकासह आठशे किलो वजनाची मोटार ताशी शंभर किलोमीटरांच्या वेगावरून पूर्ण थांबविली, तर जवळजवळ एक लिटर पाणी उकळीला आणण्याइतकी उष्णता निर्माण होते, आणि तिचा बहुतेक भाग चार ब्रेकांना सोसावा लागतो. शर्यतीत ही गोष्ट प्रत्येक वळणापाशी थोड्याफार प्रमाणात घडते, आणि दर फेरीला पुन्हा घडते. ब्रेकच्या नळ्यांतील तेल हवेतील ओलावा शोषून घेते. जुने तेल तापले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पायाखालचा दांडा एकाएकी मऊ पडून खाली जातो. तेव्हा उपयोग प्रार्थनेचाच उरतो. पद्मिनीला चारही चाकांना बंदिस्त ड्रमचे ब्रेक होते. ते तापतात लवकर व निवतात उशिरा. झेन, एस्टीम यांसारख्या मोटारींना पुढे उघड्या तबकडीचे ब्रेक आहेत. त्यांवर वारा लागतो; चांगल्या प्रतीच्या पट्ट्या आणि ताजे तेल एवढ्या साध्या उपायांनी ते हौशी शर्यतीला पुष्कळ अंशी पुरे पडतात.

झेन, एस्टीम यांसारख्या मोटारींत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना मिळते. तीच चाके मोटार ओढतात व तीच वळवितात. एका माणसाला दोन कामे दिली की एक अर्धवट राहते, तसे येथे होते. वळणात अधिक वेगाने शिरले तर मोटार आतल्या बाजूला न वळता बाहेर सरकू पाहते. पण नवशिक्याला हा दोष नव्हे, उपकार आहे. कारण पाय हळूच सैल केला की मोटार बहुधा पुन्हा ताब्यात येते. मागच्या चाकांनी ढकलली जाणारी ताकदवान मोटार चुकली की गर्रकन फिरते आणि शिकवणीची फी एकदमच वसूल करते.

मग निवड कोणती करावी? मारुती ८०० चे उत्पादन २०१४ च्या जानेवारीत थांबले, झेनचे २००६ साली आणि एस्टीमचे २००७ साली. तिन्ही मोटारी लाखोंच्या घरांत वा गल्लीबोळांत वावरलेल्या, त्यामुळे त्यांचे अंतरंग ओळखणारा कारागीर गावोगाव आढळतो. ८०० सर्वांत साधी. परंतु तिची चाके लहान, अवघ्या बारा इंचांची असल्यामुळे शर्यतीजोगे टायर मिळविण्यात अडचण येते. झेन बुटकी, चपळ आणि हलक्या मिश्रधातूच्या इंजिनाची. मातीच्या मैदानावरील ऑटोक्रॉससाठी ती विद्यार्थ्याची चांगली सोबतीण. एस्टीम दिसायला साधीसुधी घरंदाज मोटार, परंतु वर्षानुवर्षे देशातील शर्यतमार्गांवर ती मोठ्या संख्येने धावत आली. तिच्या शर्यतीच्या अवस्थेतील जमवाजमवीचे ज्ञान दक्षिणेतील कार्यशाळांत साठलेले आहे. त्यानंतरच्या मोटारींपैकी २००५ साली आलेली स्विफ्ट आणि २०१० साली आलेली फोक्सवॅगन पोलो याही शर्यतीत चांगल्या रुळल्या. मात्र त्यांत विजेची नियंत्रणे अधिक असल्यामुळे पाना-हातोडीच्या बरोबरीने संगणकाचीही गरज लागते. तात्पर्य, ज्याच्याजवळ वेळ अधिक व पैसा कमी, त्याने जुनी साधी मोटार घ्यावी. ज्याची स्थिती उलटी, त्याने नवी घ्यावी.

आणि येथे एक मोलाचा सल्ला सांगण्याजोगा आहे. शक्य असल्यास साधी मोटार घेऊन ती शर्यतीजोगी करण्यापेक्षा, कोणीतरी आधीच शर्यतीजोगी केलेली मोटार विकत घ्यावी. कारण संरक्षक पिंजरा, खास आसन, झटके शोषणारे दांडे यांवर झालेला खर्च विकताना कधीच वसूल होत नाही. पहिल्या माणसाचे नुकसान ते दुसऱ्याचे भांडवल. ज्याला स्वतःच्या हातांनी घडविण्यातच आनंद आहे त्याची गोष्ट निराळी. त्याने तो आनंद विकत घेतला आहे, हे मात्र त्याने विसरू नये.

जुनी मोटार पारखताना कसे पाहावे? सांगली जिल्ह्यातील विटे, खानापूर, आटपाडी या बाजूचे सोने-चांदी गाळणारे गलाई कारागीर देशातील शहराशहरांत पसरले आहेत. जुना दागिना हाती आला की त्यांचे लक्ष त्याच्या नक्षीकडे जात नाही. आत शुद्ध धातू किती, एवढेच ते पाहतात. मोटार घेणाऱ्यानेही हीच दृष्टी ठेवावी. रंग, आसने, काचा यांना शर्यतीत किंमत नाही. सांगाडा सरळ आणि निरोगी आहे ना, हेच पाहायचे. गालिचा उचलून जमीन पाहावी, दारांखालच्या पट्ट्या बोटांनी दाबून पाहाव्यात, पुढच्या स्प्रिंगांच्या माथ्याशी पत्रा फाटला आहे का हे विजेरीने पाहावे. खालून दोन्ही तिरकी अंतरे फितीने मोजावीत. ती सारखी नसतील तर मोटारीला कधीतरी मोठा अपघात झाला आहे, मग मालक काहीही सांगो.

या बाबतीत जयपूरच्या तरुणाला देशाच्या हवामानाचा अभ्यास उपयोगी पडेल. मुंबईची किंवा कोकणपट्टीची मोटार खाऱ्या हवेने व पावसाने आतून गंजलेली असण्याचा संभव असतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा असंख्य मोटारी पाण्याखाली गेल्या. अशा बुडालेल्या मोटारी धुऊनपुसून परगावी विकल्या जाणे ही बाजाराची जुनी रीत आहे. जयपूरच्या कोरड्या हवेत पत्रा पुष्कळ टिकतो. त्यामुळे सांगाड्याच्या दृष्टीने राजस्थानातील मोटार ही चांगली खरेदी. पण निसर्ग एका हाताने देतो ते दुसऱ्या हाताने घेतो. पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात रबरी नळ्या कडक होऊन चिरा पाडतात, पाणी थंड ठेवणारी जाळी भरून येते, आणि वाळवंटाकडून येणारी बारीक धूळ गाळणीतून निसटून सिलिंडर घासून टाकते. म्हणून तेथील मोटारीचा पत्रा पाहण्यात वेळ कमी घालवावा आणि प्रत्येक सिलिंडरमधील दाब मोजून घ्यावा. तिन्ही-चारी आकडे सारखे आले तर इंजिन निरोगी. एखादा फारच कमी आला तर दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करून बोलणी करावीत. सगळ्याच रबरी वस्तू मात्र न पाहताच बदलाव्यात.

मोटार घरी आली. आता पैसे कोणत्या क्रमाने खर्च करावेत? येथेच बहुतेकांचा पाय घसरतो. नवखा माणूस सर्वांत आधी इंजिनाकडे धावतो, कारण त्याचा आवाज शेजाऱ्यांना ऐकू जातो. वास्तविक क्रम नेमका उलटा हवा. प्रथम चालकाचा जीव, मग ब्रेक आणि टायर, मग इंजिन थंड ठेवण्याची व तेलाची व्यवस्था, मग स्प्रिंगा आणि झटके शोषणारे दांडे, आणि इतके करून काही शिल्लक उरलेच तर इंजिनाची ताकद. अमेरिकेत २००६ साली सुरू झालेल्या एका गमतीदार शर्यतमालिकेचा नियम या बाबतीत बोलका आहे. भंगारात जाण्याजोग्या मोटारींच्या या शर्यतीत मोटारीवर पाचशे डॉलरांहून अधिक खर्च करायचा नाही, अशी अट घातली गेली. परंतु संरक्षणाच्या साधनांचा खर्च या हिशेबात धरायचा नाही, असेही तेथे ठरले. विनोदाच्या राज्यातही जिवाची काटकसर मान्य नव्हती.

संरक्षक पिंजरा म्हणजे चालकाभोवती जोडलेला पोलादी नळ्यांचा सांगाडा. मोटार उलटली तर छत चेपू नये, हे त्याचे काम. तो नियमात सांगितलेल्या जाडीच्या नळ्यांचा व जाणत्या माणसाने सांधलेला असला पाहिजे. फाटकाच्या जाळ्या करणाऱ्या लोहाराकडून घाईने करून घेतलेला पिंजरा नसल्यापेक्षा वाईट. त्याच्या जोडीला खास आसन, अनेक बंधांचा पट्टा, शिरस्त्राण, आग न धरणारा पोशाख, अग्निशामक आणि वीज एका क्षणात तोडणारा खटका. यांतील एक वस्तू असून दुसरी नसणे कधीकधी घातक ठरते. शिरस्त्राणावाचून पिंजऱ्याच्या मोटारीत बसणाऱ्याचे डोके साध्या धक्क्यातही पोलादावर आपटू शकते. म्हणूनच पिंजरा बसविलेली मोटार रोज कचेरीला न्यायची कल्पना सोडून द्यावी. शिवाय कारखानदाराच्या मूळ नमुन्यात फेरफार केलेले वाहन रस्त्यावर आणण्यास मोटार वाहन अधिनियमाचे कलम ५२ आड येते, आणि नेहमीचा विमा शर्यतीतील नुकसान भरून देत नाही. शर्यतीची मोटार शर्यतीपुरती आणि रस्त्याची रस्त्यापुरती, हेच सोयीचे.

या सगळ्या हिशेबानंतर एखाद्याला वाटेल की, हा छंद सामान्य माणसाचा नव्हेच. तसे म्हणणे बरोबर होणार नाही. दोघातिघांनी मिळून एक मोटार घ्यावी, खर्च वाटून घ्यावा, आलटूनपालटून चालवावी; वर्षाला चार शर्यतींऐवजी एक करावी. पाया शिकण्यासाठी कोल्हापूरजवळच्या मोहिते रेसिंग अकॅडमीसारख्या ठिकाणी कार्ट या चिमुकल्या वाहनावर धडे घेण्याची सोय झाली आहे; मोटार विकत घेण्याआधी असे काही दिवस काढले, तर हौस खरी की क्षणिक हेही कळून येते. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हा नियम येथेही लागू आहे. पाय मुळी पसरूच नयेत असा त्याचा अर्थ नव्हे.

आणि कमी ताकदीच्या मोटारीचा एक गुण किमतीत मोजता येत नाही. ताकदवान मोटारीतील चालक वळणात चूक करतो आणि सरळ मार्गावर इंजिनाच्या जोरावर ती झाकतो. सदतीस अश्वशक्तीच्या मोटारीला चूक झाकता येत नाही. वळणात गमावलेला वेग पुन्हा मिळवायला तिला अर्धी फेरी लागते. त्यामुळे तिचा चालक ब्रेक कोठे दाबावा, सुकाणू किती हळुवार फिरवावे, वेग कसा जपावा, हे शिकल्यावाचून पुढे जाऊच शकत नाही. गरीब घरातील गृहिणीला जशी प्रत्येक पैशाची वाट ठाऊक असते, तशी त्याला प्रत्येक अश्वशक्तीची वाट ठाऊक होते.

सोडाल्याच्या त्या तरुणाने अशी एखादी जुनी एस्टीम किंवा झेन घेतली, वर्षभर तिच्यावर राबला, आणि एखाद्या रविवारी खऱ्या मार्गावर धावून आला, असे समजू या. शर्यतीत तो बहुधा शेवटून तिसरा येईल. परंतु ताशी शंभराच्या वेगाने येणारी मोटार थांबायला किती जागा लागते, तापलेला ब्रेक कसा दगा देतो, आणि पोलादी पिंजरा, पट्टा व शिरस्त्राण यांच्या आधाराशिवाय त्या वेगात माणूस किती निराधार असतो, हे त्याला पुस्तकातून नव्हे, अंगावरून कळलेले असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आपल्या रोजच्या मोटारीने अजमेर रस्त्याला लागेल, आणि शेजारून कोणी जोराचा भोंगा वाजवत पुढे घुसला, तर तो शांतपणे त्याला वाट करून देईल. ज्याला वेगाची खरी जागा माहीत झाली, त्याला तो भलत्या जागी दाखविण्याची गरज उरत नाही.